माइझनर, ॲडलर की स्ट्रासबर्ग? कोकणात नाटक करणाऱ्याने कुणाकडे वळावं

नाटकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली वर्कशॉपच्या जाहिराती पडतात त्यात अमेरिकेतल्या तीन अभिनय-शिक्षकांची नावं हमखास असतात, माइझनर, ॲडलर आणि स्ट्रासबर्ग, आणि नावापुढे 'टेक्निक' किंवा 'मेथड' लागलं की फी आपोआप वाढते. आपल्याकडे कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, चिपळूण या पट्ट्यात नोकरी-धंदा सांभाळून राज्य नाट्य स्पर्धा नि एकांकिका करणारी पोरं भरपूर आहेत, त्यांचा प्रश्न सरळ असतो. सुट्टी टाकून, तुतारीचं नाहीतर कोकणकन्याचं तिकीट मिळालंच तर मुंबईला जाऊन, गाठीचे पैसे घालून एकच काहीतरी करता येणार, मग यातलं कुठलं करू? उत्तर आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईवाले इथूनच सुटतील. आपल्याकडच्या बहुतेक हौशी नटांनी आधी माइझनर करावा, जोडीला ॲडलरबाई घरी बसून वाचाव्यात, आणि स्ट्रासबर्गच्या वाटेला पक्का शिक्षक मिळाल्याशिवाय जाऊ नये. का, ते आता सांगतो, जरा लांबण लागेल.

तिघंही मुळात एकाच घरातले बरं का. १९३१ साली न्यूयॉर्कमध्ये हॅरॉल्ड क्लर्मन, शेरिल क्रॉफर्ड आणि ली स्ट्रासबर्ग यांनी ग्रुप थिएटर काढलं, त्यात स्टेला ॲडलर नि सॅनफर्ड माइझनर दोघंही नट म्हणून होते. सगळ्यांचा गुरू एकच, रशियातला नाट्यदिग्दर्शक स्टॅनिस्लाव्हस्की, ज्याची मॉस्को आर्ट थिएटरची मंडळी १९२३-२४ ला अमेरिकेत प्रयोग करून गेली आणि तिथल्या तरुण नटांची झोप उडवून गेली. स्ट्रासबर्गने त्यातली भावनिक स्मृती ही एक गोष्ट घट्ट धरली, म्हणजे पात्राला रडायचंय तर नटाने आपल्या आयुष्यातला खरा प्रसंग आठवायचा नि तिथून भावना आणायची. ॲडलरला हे काही झेपेना. १९३४ ला तिने पॅरिसमध्ये खुद्द स्टॅनिस्लाव्हस्कीला गाठलं, काही आठवडे त्याच्यासोबत काम केलं, आणि परत येऊन ग्रुपला सांगितलं की बाबांनो, तो आता आठवणींवर एवढा जोर देतच नाही, तो म्हणतो पात्राची परिस्थिती नीट समजून घ्या आणि कल्पनाशक्ती वापरा. स्ट्रासबर्ग भडकला. माइझनर ॲडलरच्या बाजूला गेला. बांधाच्या एका दगडावरून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या भाऊबंदकी चालते तसलंच हे, १९४१ ला ग्रुप बंद पडला तरी भांडण काही मिटलं नाही, आणि आज वर्कशॉपच्या जाहिरातीत तुम्ही जे निवडताय ते त्याच भांडणातले वाटे आहेत.

आता माइझनर. जन्म १९०५, ब्रुकलिनचा, आईबाप हंगेरीतून आलेले ज्यू. लहानपणी याची तब्येत बरी नव्हती म्हणून घरचे याला घेऊन डोंगराकडे हवापालटाला गेले, तिथे धाकट्या भावाला कच्चं दूध पाजलं गेलं, त्यातून त्याला गुरांचा क्षय झाला आणि तो गेला. आईबाप ह्याला ऐकवायचे की तुझ्यासाठी गेलो नसतो तर तो जगला असता. पोराने पियानोचा आधार घेतला. पुढे संगीताच्या संस्थेत रीतसर शिकला, बापाच्या धंद्यातही राबला, पण डोक्यात नाटकच. मला हे वाचल्यावर कायम वाटतं की ज्याने आपल्या पोटातलं एवढं दुःख लहानपणापासून वागवलंय तोच माणूस नटांना सांगतो की स्वतःचं दुःख उकरू नका, समोरच्याकडे बघा, हे काही उगाच नसणार. त्याने असं कुठे म्हटलंय असा माझा दावा नाही, माझं आपलं वाटणं.

१९३५ पासून तो न्यूयॉर्कच्या नेबरहुड प्लेहाऊसमध्ये शिकवू लागला आणि मधली काही वर्षं सोडली तर तहहयात तिथलाच राहिला. सत्तरच्या दशकात घशाच्या कॅन्सरमुळे त्याचं स्वरयंत्र काढलं. बोलणं हाच ज्याचा धंदा त्याचा आवाजच गेला! तर हा माणूस अन्ननलिकेत हवा ओढून ढेकर दिल्यासारखी सोडत शब्द काढायला शिकला, चष्म्याच्या काडीला छोटा माइक लावला आणि परत वर्गावर हजर. एकेक शब्द महाग झालेला, त्यामुळे फापटपसारा नाहीच, दोन शब्दांत पोराची चूक दाखवायची. पुढे कॅरिबियन समुद्रातल्या बेक्विया नावाच्या चिमुकल्या बेटावर त्याचं घर होतं, तिथेही तो उन्हाळ्यात पोरं नेऊन शिकवायचा. १९९७ ला गेला. त्याच्याकडे शिकलेल्यांत रॉबर्ट डुव्हाल, ग्रेगरी पेक, डायॲन कीटन, दिग्दर्शक सिडनी पोलॅक ही मंडळी येतात.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं की अभिनय म्हणजे खोट्या परिस्थितीत खरं जगणं, आणि त्याचा पाया म्हणजे काहीतरी खरोखर करणं. ऐकताय तर खरंच ऐका, ऐकण्याचा अभिनय नको. बोलायला सोपं आहे हो. म्हणून त्याने रिपिटिशनचा व्यायाम काढला, आणि तो कसा दिसतो ते सांगितल्याशिवाय तुम्हाला निवडता येणार नाही, म्हणून आमच्याकडच्या एका तालमीतलं सांगतो. शाळेचा हॉल, पत्र्यावर पाऊस धो धो, दोघं समोरासमोर खुर्चीवर. एकाने समोरच्यात जे दिसतंय ते बोलायचं, दुसऱ्याने तेच परत करायचं.

"तुझा शर्ट भिजलाय."
"माझा शर्ट भिजलाय."
"तुझा शर्ट भिजलाय."
"हो, माझा शर्ट भिजलाय."
"तू हसतोयस."
"मी हसतोय."
"तू हसतोयस."
"मी नाही हसत."
"तू चिडलास."
"मी चिडलो?"
"तू चिडलास."
"मी चिडलो!"

पहिली पाच मिनिटं सगळ्यांना हा येडेपणाच वाटतो आणि मागे बसलेले खिदळतात. पण मग एक गोष्ट होते, वाक्यं तीच राहतात आणि त्यातला सूर आपोआप बदलायला लागतो, कारण आता पुढचं वाक्य काय, हात कुठे ठेवू, प्रॉम्प्टर कुठाय हे डोक्यात उरतच नाही, सगळं लक्ष समोरच्याच्या तोंडावर. त्या वरच्या शेवटच्या वाक्याला पोरगा खरोखर चिडला होता, आणि दहा वर्षं स्पर्धेत 'संताप' करणारा हा पोरगा खरा चिडलेला आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

याच्या पुढची पायरी म्हणजे दार वाजवणं. एकजण खोलीत काहीतरी अवघड काम करत बसलेला, काम खरंच अवघड पाहिजे, ते आत्ताच व्हायला पाहिजे आणि त्यामागे कारण पाहिजे. दुसरा दार वाजवतो. आपल्याकडे याला उदाहरणांची काय कमी. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती बनवतात तिथे, चतुर्थीच्या आदल्या रात्री शेजाऱ्याच्या मूर्तीची सोंड तुटलीय, पहाटे तो पाट घेऊन न्यायला येणार, आणि तुम्ही शाडूने ती जोडताय. अशात कुणी दार वाजवलं तर तुम्ही कसं 'कोण?' म्हणाल? ते वाक्य आधी ठरवता येत नाही. नेमकी ह्याचीच सवय माइझनर लावतो, आणि संहिता हातात यायला कित्येक महिने जातात. पूर्ण कोर्स दोन वर्षांचा, हे लक्षात ठेवा, म्हणजे 'वीकेंडमध्ये माइझनर' म्हटल्यावर काय मिळणार याचा अंदाज येईल. नट व्हायला वीस वर्षं लागतात असं तो म्हणायचा, तिथे शनिवार-रविवारचं काय घेऊन बसलात.

मी आपल्याकडच्यांना माइझनर आधी का सांगतो? कारण आपली खोड पाठांतराची आहे. आपला हौशी नट संवाद घोटून घोटून येतो, तालमीत दिग्दर्शक सूर बसवून देतो, 'इथे वर घे, इथे पॉज', आणि प्रयोगाला दोघं नट एकमेकांशी न बोलता परीक्षकांशी बोलतात. चोख सगळं, पण समोरच्याने वाक्य उद्या वेगळ्या सुरात टाकलं तरी ह्याचं उत्तर कालचंच. आणि गंमत म्हणजे याच मातीत दशावतार आहे, तिथे लिखित संहिताच नसते. रंगपटात प्रमुख कथानक सांगतो, कुणी काय घ्यायचं ते ठरतं, आणि मग अख्खी रात्र संवाद जागेवर तयार होतात. राक्षसाने लांबवलं तर नारदाला सांभाळून घ्यावं लागतं, मृदंगवाल्याला दोघांच्या तोंडाकडे बघतच राहावं लागतं, समोरच्याचं ऐकलं नाहीस तर उघड्यावर पडलास. सिंहासन म्हणून एक बाकडं, त्यावर हे सगळं. 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा' म्हणतात त्या कलाकारांबद्दल, आणि त्यातल्या जुन्या जाणत्याला माइझनरचं नावही ठाऊक नसेल पण ऐकणं म्हणजे काय हे तो झोपेतही दाखवेल. अर्थात दशावतारातला आवेश, लकब, ठरलेले अलंकारिक संवादांचे तुकडे हे माइझनरच्या साधेपणाच्या अगदी उलट आहेत, तेव्हा दोन्ही एकच म्हणून ओढूनताणून जुळवू नका. ऐकण्यापुरतं मात्र जत्रेचा मोसम सुरू झाला की धयकाल्याला, म्हणजे जत्रेतल्या दशावताराच्या खेळाला, रात्रभर बसा, फुकटातलं शिक्षण आहे.

आता ॲडलरबाई. १९०१ चा जन्म, न्यूयॉर्कच्याच, आणि घराणंच नाटकाचं. बाप जेकब ॲडलर म्हणजे यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) रंगभूमीचा सम्राट, त्याने १९०३ ला ब्रॉडवेवर शेक्सपिअरचा शायलॉक केला तेव्हा बाकीचे नट इंग्रजीत आणि हा एकटा यिडिशमध्ये बोलत होता. आई सारा पण नटी. स्टेला चार वर्षांची असताना रंगमंचावर. त्यामुळे तिच्यासाठी नाटक ही मोठी गोष्ट, छोट्या तोंडाने पुटपुटायची नाही. १९४९ ला स्वतःचा स्टुडिओ काढला, मार्लन ब्रँडो आणि रॉबर्ट डी नीरो तिच्याकडचे, १९९२ ला वारली.

तिचं म्हणणं असं की तुझं स्वतःचं आयुष्य पात्रापेक्षा लहान आहे, तेच वापरत बसलास तर पात्रही तेवढंच लहान होणार. त्यापेक्षा पात्राचं जग उभं कर. आपल्याकडच्या नाटकात लावून बघा. समजा चाळीसच्या दशकातल्या कोकणातलं नाटक आहे आणि तुम्ही कूळ करताय, समोर खोत. आपला नट काय करतो, खांदे पाडतो, आवाज बारीक करतो, झालं गरीब कूळ. ॲडलर विचारेल: जमीन किती, भात किती खंडी पिकलं, त्यातलं खोताकडे किती गेलं, घरात आता किती उरलं? खोत ओटीवर झोपाळ्यात असेल तर तू अंगणात कुठे उभा राहशील, पायात काही असेल का, डोक्यावरचं काढशील का? अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षं संप करून जमिनी पड ठेवल्या हे तुझ्या कानावर आलंय का, आलं असेल तर 'धनी' म्हणताना तुझ्या मनात काय चाललंय? खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने, म्हणजे नाटक त्याच्या आधीचं की नंतरचं यावरच तुझी मान किती वर असेल ते ठरतं. एवढं केल्यावर खांदे आपोआप कुठे जायचे तिथे जातात.

हे सगळं तुम्ही सावंतवाडीच्या घरात बसून, वाचनालयात जाऊन, गावातल्या म्हाताऱ्यांशी बोलून करू शकता, तिकीट नको, फी नको. म्हणून म्हटलं ॲडलर घरी. धोका एकच, अभ्यास झकास आणि स्टेजवर समोरच्याकडे दुर्लक्ष, डोक्यात सगळी माहिती खच्चून भरलेली आणि डोळे कोरडे. ज्यांना मुळात वाचायची आवड आहे त्यांच्यात हे जास्त होतं, दिग्दर्शकी डोक्याचे नट म्हणतात ना, ते. अशांनी तर माइझनर आधी करावाच करावा.

स्ट्रासबर्गवर मी तुटून पडणार असं वाटत असेल, तर तसं नाही. १९०१ चाच, तेव्हाच्या ऑस्ट्रियन राजवटीतल्या पोलिश भागात जन्मलेला (ते गाव आता युक्रेनमध्ये), लहानपणी अमेरिकेत आलेला. ॲक्टर्स स्टुडिओ, म्हणजे न्यूयॉर्कमधली नटांच्या सरावाची संस्था, १९४७ ला दुसऱ्यांनी काढला होता, हा मागून आला आणि १९५१ पासून १९८२ ला मरेपर्यंत त्याचा सर्वेसर्वा राहिला. मेरिलिन मन्रो, अल पचिनो, एलन बर्स्टिन त्याच्या तालमीतले. सत्तरी ओलांडल्यावर 'द गॉडफादर'च्या दुसऱ्या भागात स्वतः काम केलं आणि ऑस्करचं नामांकन घेतलं, म्हणजे नुसता बोलघेवडा नव्हता. ब्रँडोचं श्रेय मात्र स्ट्रासबर्गच्या खात्यात जायचं आणि ब्रँडोला ते अजिबात खपायचं नाही, मला ॲडलरने शिकवलं असं तो ठणकावून सांगायचा.

त्याच्या पद्धतीतल्या दोन गोष्टी मी कुणालाही सांगेन. पहिली, खुर्चीवर बसून शरीर सैल सोडणं, कपाळ, जबडा, मान, एकेक भाग तपासत ताण काढायचा. स्पर्धेच्या दिवशी विंगेत दगड होऊन उभ्या असलेल्या पोरांना याची किती गरज आहे! दुसरी, इंद्रियांची आठवण. हातात कप नाही, पण त्या कपाचा चटका, वजन, वाफ, चहाचा वास बोटांना नि नाकाला आठवू दे. नेपथ्याला पैसे नसलेल्या एकांकिकेत हे सोनं आहे.

गाडी घसरते ती तिसऱ्या गोष्टीवर, भावनिक स्मृतीवर. आणि इथेही स्ट्रासबर्ग स्वतः लोकांना वाटतो तेवढा बेफाम नव्हता. त्याची पद्धत अशी की प्रसंगाकडे थेट जायचंच नाही, त्या वेळी खोलीत उजेड कसा होता, अंगावर कापड कुठलं होतं, आवाज कसले येत होते एवढंच आठवायचं, भावना आली तर येऊ द्यायची, आणि प्रसंग निदान सात वर्षं जुना पाहिजे. ताज्या जखमेला हात नाही. आपल्याकडे या सगळ्या अटी गळून पडतात आणि उरतं काय तर 'आईला आठव आणि रड'. एका शिबिरात, नाव घेत नाही, अंधार करून पोरांना आडवं झोपवलं आणि घरातलं कोण गेलं ते आठवा म्हणून सांगितलं. आदल्याच वर्षी वडील गेलेली एक मुलगी त्या दिवशी जी कोसळली ती शिबीर सोडूनच गेली, आणि घेणाऱ्या सरांना मात्र वाटलं की आज काय जबरदस्त सेशन झालं. याला स्ट्रासबर्ग म्हणत नाहीत, पण जाहिरातीत नाव त्याचंच होतं. शिवाय रंगमंचावर रोजच्या प्रयोगाला ती आठवण हुकमी येत नाही, आणि आली तरी नट आत बघत राहतो, समोरचा पात्रबंधू बिचारा भिंतीशी बोलतोय. क्लोजअपमध्ये हे खपून जातं, कधी कधी खुलूनही दिसतं, रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत मात्र पोचत नाही.

तेव्हा ठरवताना आधी आपली खोड ओळखा. संवाद चोख पण समोरच्याशी नातं शून्य असेल तर माइझनर. जिवंत आहात पण प्रत्येक नाटकात तुम्हीच दिसता, पात्र दिसतच नाही, तर ॲडलर. अंग आखडतं, मालिकेच्या ऑडिशनला कॅमेऱ्यासमोर चेहरा गोठतो, तर स्ट्रासबर्गची सैल होण्याची आणि इंद्रियांची बाजू, तेवढीच. पैसे भरण्याआधी घेणाऱ्याला फोन करून विचारा की तुम्ही स्वतः हे कुणाकडे नि किती दिवस शिकलात, एका बॅचला किती जण, आणि एखादं पोर रडायला लागलं तर तुम्ही काय करता. शेवटच्या प्रश्नाला 'ते तर चांगलंच' असं उत्तर आलं की फोन ठेवून द्या. स्पर्धा महिन्यावर आली असेल तर यातलं काहीच सुरू करू नका, पात्र बसत असताना पाया खणायला घेतला की दोन्ही जातं. गणपतीआधीचे पावसाळी महिने याला बरे, हॉल रिकामे असतात आणि लावणी उरकली की लोकही सापडतात.

माइझनर आपल्याला अगदीच परका पण नाही. रोशन तनेजा त्याच्या नेबरहुड प्लेहाऊसमध्ये शिकून आले आणि साठच्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनय शिकवायला लागले, जया भादुरी, शबाना आझमी, नसीरुद्दीन शाह त्यांच्या हाताखालून गेले. म्हणजे ब्रुकलिनच्या त्या माणसाचं थोडंफार पाणी आपल्या सिनेमात कधीचंच मुरलंय. पूर्णवेळ शिकायचंच असेल आणि घरचे सोडत असतील तर पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाचा नाट्य विभाग किंवा दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी) बघा, तिथे कुणा एकाच्याच नावाने शिकवत नाहीत, आणि तेच बरं.

एकपात्री करणाऱ्यांना मात्र माझी वरची क्रमवारी लागू नाही. समोर कुणी नसताना रिपिटिशन करणार कुणाशी? माइझनरला जोडीदार लागतोच, तोही रोजचा, आज हा उद्या तो असं चालत नाही. एकटेच असाल, शाळा-कॉलेजात किंवा नवरात्रात मंडळाच्या स्टेजवर अर्ध्या तासाचं एकपात्री करत असाल, तर थेट ॲडलर उघडा, आणि अंग सैल सोडणं नि तो चहाचा कप, एवढं सोडून स्ट्रासबर्गकडचं दुसरं काही आणू नका.